प्रणालीताईचा पेपर, माझं अक्षर

आमच्या कामठीत परीक्षेचे दिवस आले की आधी कूलर गच्चीवरून खाली उतरतात. लोखंडी स्टॅंडला रंग लागतो, जाळ्यांतलं मागच्या वर्षीचं काळं पडलेलं गवत उपसून दारात फेकलं जातं, आणि नव्या गवताचे गठ्ठे सायकलला बांधून फेरीवाला गल्लीतून ओरडत जातो. ते नवं गवत पहिल्यांदा भिजलं की जो वास सुटतो ना, त्याचं माझ्या मनात एकच नाव आहे: दहावी. इतरांना त्या वासानं गार वाटतं. माझा हात अजून पेन शोधतो, आणि खरं सांगायचं तर त्याच्या मागोमाग छातीही फुगते.

परवा कॉलेजला निघाले होते, शेअर ऑटोत. समोर शाळेच्या गणवेशातल्या दोन मुली, हातात पारदर्शक पाऊच, त्यात कंपासपेटी आणि हॉलतिकीट. एक विचारत होती, दुसरी डोळे मिटून सूत्रं म्हणत होती. तिसरं सूत्र ती चुकली. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, चूक मला ऐकू आली. जीभ अगदी दातांपर्यंत आली होती, पण मी खिडकीबाहेर बघत बसले. रस्त्याच्या कडेचे पळस फुलले होते. पुढच्या थांब्याआधीच त्या मुलीनं स्वतःच ‘थांब थांब’ म्हणत सूत्र दुरुस्त केलं. मला इतका आनंद झाला की समोरच्या काकांनी माझ्याकडे दोनदा पाहिलं.

उत्तर येत असताना गप्प बसणं ही माझी जुनी कमाई आहे. ती मला एका फेब्रुवारी-मार्चनं दिली. मी दहावी दोनदा दिली आहे. पहिल्यांदा दिली तेव्हा मी नववीत होते आणि पेपरावर बैठक क्रमांक दुसऱ्याच मुलीचा होता. घाबरू नका, सगळं नियमात बसणारं होतं.

प्रणालीताई आमच्याच गल्लीत, आमच्यापासून चौथ्या दारात राहायची. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. जन्मापासून तिला दिसत नाही. शाळेत उशिरा घातल्यानं ती आमच्याच शाळेत दहावीला होती. बोर्डाच्या परीक्षेत अंध मुलांना लेखनिक मिळतो. मुलानं सांगायचं, लेखनिकानं लिहायचं. लेखनिक खालच्या वर्गातला लागतो, म्हणजे त्याला उत्तरं येत नसतील असा सरकारी भाबडेपणा त्यामागे असावा. माझं अक्षर वर्गात सगळ्यांत सुवाच्य, म्हणून हेडमॅडमनी मला बोलावलं. मी विचार न करता हो म्हणून बसले. घरी आल्यावर आई म्हणाली, “अन् तुह्या नववीचं काय वं?” मी कधी नव्हे ती घागर उचलून नळावर गेले.

खरी भानगड गणिताची होती. अंध मुलांना सूट असते, दहावीच्या गणिताऐवजी सातवीचं अंकगणित घेता येतं. हेडमॅडमनी ताईच्या बाबांसमोर तिला समजावलं, “घे सूट. निवांत पास होशील.” बाबाही म्हणाले, “मॅडम बराबर सांगून राहिल्या.” मी तिथेच दाराशी उभी होते. ताई म्हणाली, “मले पूरं गणित पाहिजे.”

“काहून पण?” तिच्या बाबांचा आवाज चढला.

“आठवीत मी पहिल्या पाचात आली, तं बाजूची काकू काय म्हणे? बिचारीले मार्क देल्ले. देल्ले! मले कोणं काही द्यावं नाही. दहावीत जे असन ते माहं असलं पाहिजे. कमी तं कमी.”

हेडमॅडमनी चष्मा काढून पुसला आणि अर्जावर सही केली. मला वाटलं, किती हट्टी आहे ही! चौदाव्या वर्षी मला कोणी फुकट मार्क देतो म्हणालं असतं तर मी दोन्ही हातांनी घेतले असते आणि वर पिशवीही पुढे केली असती.

मग सुरू झाला आमचा अभ्यास. तिच्याकडे ब्रेलमधली सगळी पुस्तकं नव्हती, म्हणून मी दहावीची पुस्तकं मोठ्यानं वाचायची आणि ती मोबाइलवर रेकॉर्ड करायची. माझे बाबा पॉवरलूमवर होते आणि माग आमच्या भिंतीपलीकडेच. त्यामुळे प्रत्येक धड्याच्या मागे मागांची खटखट आहे. शिवाय आईचा कुकर, गल्लीतली कुत्री, आणि मध्येच मला हाक, “जयू, दूध उतू चाललं!” ताईला या आवाजांचा काही त्रास नव्हता. उलट ती त्यांच्या खुणा धरून ठेवायची. “गुरुत्वाकर्षण म्हणजे कुकरच्या तिसऱ्या शिटीच्या पुढं,” असं म्हणून ती बरोबर तिथे बोट ठेवायची. मला माझा धडा कोणत्या पानावर आहे तेही आठवत नसे.

मी समजत होते की मी तिला शिकवते आहे. हा गैरसमज मराठीच्या पहिल्याच सरावपत्रिकेत गेला. ती उत्तर सांगताना विरामचिन्हांसकट सांगायची. “स्वल्पविराम. आता नवीन वाक्य. इथं उद्गारचिन्ह नको वं, उगा ओरडल्यासारखं वाटते.” मी तोवर स्वल्पविराम भाजीवर कोथिंबीर टाकावी तसा टाकत होते, दिसला कागद की टाक. तिच्या तोंडून उत्तरं लिहिता लिहिता मला पहिल्यांदा कळलं की वाक्याला श्वास असतो आणि तो कुठे घ्यायचा ते लिहिणाऱ्यानं ठरवायचं असतं. इंग्रजीत ती शब्दाचं एकेक अक्षर सांगायची. मी घाईत एखादं गाळलं की पेनचा आवाज लवकर थांबल्याचं तिला कळायचं. “सहा अक्षरं लिहिली तू. सात आहेत.”

भूगोलात त्या वर्षी भारत आणि ब्राझील. तिला नकाशा काढायची सक्ती नव्हती, पण तिला ब्राझील कसा दिसतो ते हवंच होतं. बाबांनी मागावरचं टाकाऊ सूत आणून दिलं, गुंत्याचा गुंता. मी पुठ्ठ्यावर डिंकानं ते सूत चिकटवलं. किनारा निळ्या सुताचा, नद्या पांढऱ्या. ती दोन्ही हातांची बोटं त्यावरून हळूहळू फिरवायची. मी तेव्हा भंडाऱ्याच्या पलीकडे गेले नव्हते, पण ॲमेझॉन कुठून कुठे जाते ते मला आजही डोळे मिटून सांगता येतं. त्याच सुताच्या वर्तुळांवर आणि त्रिकोणांवर तिनं भूमितीची प्रमेयं पाठ केली. आमच्या घरातले सगळे पुठ्ठे संपले तेव्हा आईनं लग्नपत्रिकांची पिशवी काढून दिली, आणि कितीतरी नवरा-नवरींच्या पाठीवर आमच्या स्पर्शिका चिकटल्या.

विज्ञानात प्रकाशाचं प्रकरण आलं तेव्हा मला फार अवघडल्यासारखं झालं. जिनं प्रकाश पाहिलाच नाही तिला हे वाचून कसं दाखवायचं? मी आवाज बारीक करून वाचत होते. विरळ माध्यमातून घन माध्यमात जाताना प्रकाशकिरण स्तंभिकेकडे झुकतो. ताईनं मला थांबवलं. “काहून झुकते?” मी पुस्तक चाळलं. आमच्या वर्गात असा प्रश्न कोणी विचारत नसे. झुकतो म्हटलं की झुकतो, एक मार्क.

दोन दिवसांनी तिनंच उत्तर आणलं. ती आईबरोबर कन्हान नदीच्या काठावर गेली होती. “मी तिरपी चालून राहिली होती,” ती म्हणाली, “अन् एक पाय पक्क्या वाटेवर होता, दुसरा रेतीत गेला. रेतीतला पाय हळू झाला तं मी आपोआप त्या बाजूनं वळली. प्रकाशाचंही तसंच असन. घन जागी हळू होत असन.” मी ते विज्ञानाच्या सरांना विचारलं. सरांनी हातातला खडू खाली ठेवला आणि विचारलं, “हे तुला कोणी सांगितलं?” मी नाव सांगितलं. सांगताना मला इतका अभिमान वाटला, जणू रेतीत पाय माझाच गेला होता.

सगळ्यांत कठीण गणित. गणित बोलायचं कसं, हाच मोठा पेच. ती एका दमात सांगायची आणि मी लिहायची ते भलतंच व्हायचं. कंस कुठे सुरू झाला, कुठे संपला? भागाकाराची रेघ कोणाच्या खाली? वर्गमूळ कुठपर्यंत? पहिल्या आठवड्यात तिचं बरोबर उत्तर माझ्या हातून चारदा चुकीचं झालं आणि आम्ही भांडलो. मग आईच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही एक भाषा केली. कंस म्हणजे डबा. डबा उघड, डबा बंद. अपूर्णांक म्हणजे मांडणी. वरची फळी, खालची फळी. वर्ग म्हणजे डोक्यावर दोन. वर्गमूळ म्हणजे छत, आणि छत सांगितलं की मी लगेच विचारायचं, “कुठंपर्यंत?” आई पोळ्या लाटता लाटता ऐकायची. एकदा म्हणाली, “तुमचं गणित आहे का घर झाडून राहिल्या?” पण त्या दिवसापासून माझी एकही चूक झाली नाही.

जानेवारीत शाळेत पूर्वपरीक्षा झाली. विज्ञानाच्या पेपरात प्रश्न आला, निकटदृष्टिता असलेल्या माणसाला कोणतं भिंग देतात. ताईनं सांगितलं, “बहिर्वक्र.” आता गंमत अशी की ते भिंग माझ्या नाकावरच होतं. मला सातवीपासून चष्मा आहे, लांबचं दिसत नाही म्हणून. भिंग अंतर्वक्र असतं हे मला चांगलं ठाऊक. मी सरळ अंतर्वक्र लिहून टाकलं. एका मार्काचा तर प्रश्न, आणि सरावाची परीक्षा. पाप ते काय!

पण आमचा नियम होता, उत्तर संपलं की मी लिहिलेलं परत वाचायचं. मी वाचलं. ताईची मान माझ्याकडे वळली. अगदी हळू आवाजात ती म्हणाली, “मी हे नाही सांगतलं.”

“ताई, ते...”

“खोड.”

मी बरोबर उत्तर खोडलं आणि त्याच्यापुढे चुकीचं लिहिलं. पेपर देऊन बाहेर आल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, “बरोबर काय होतं?” मी सांगितलं. तिनं मान हलवली, दोनदा ते स्वतःशी म्हटलं, आणि मग माझी कानउघाडणी केली. “तू एक मार्क देल्ला ना, तं माहे सगळेच मार्क गेले. मग मले कसं कळन कोणते माहे अन् कोणते तुहे?” मी रडले. ती काही समजूत घालत बसली नाही. वर म्हणाली, “अन् तुह्या आवाजातही कळते. चुकलेलं वाचतानी तू अडखळते. आवाज सपाट ठेवाले शिक.”

मग तिनं मला सपाट वाचायला शिकवलं. रेल्वे स्टेशनवर गाडी वेळेवर येत असो की चार तास उशिरा, ती बाई कशी एकाच सुरात सांगते, तसं. पूर्ण फेब्रुवारी मी बरोबर आणि चूक एकाच आवाजात वाचत होते. भांडणारी, फटकन बोलणारी, वर्गात कोणी चुकलं की पहिला हात वर करणारी मी. माझ्या आजवरच्या शिक्षणात सगळ्यांत अवघड विषय कोणता असं कोणी विचारलं तर मी हाच सांगेन. त्याला पुस्तक नव्हतं आणि मार्कही नव्हते.

मार्च उजाडला. केंद्र आलं जरीपटक्याच्या बाजूच्या एका शाळेत. रोज सकाळी ताई, तिची आई आणि मी शेअर ऑटोनं जायचो. बाजाराची शटरं नुकती वर जात असायची, दुकानासमोर पाणी शिंपडलेलं असायचं. आम्हाला तळमजल्यावर वेगळी खोली होती. एक टेबल, दोन खुर्च्या, एक पर्यवेक्षिका मॅडम आणि घरघर करणारा पंखा. भाषांचे तीन पेपर नीट गेले. तीन दिवसांत माझ्या मधल्या बोटाला पेनचा घट्टा पडला. तो मी मैत्रिणींना मुद्दाम दाखवत होते.

चौथा पेपर बीजगणिताचा. तासभर सगळं सुरळीत. ताई सांगत होती, “डबा उघड. सात. डबा बंद. डोक्यावर दोन. वजा...” आणि त्याच वेळी दारात भरारी पथक उभं. दोन मॅडम आणि एक सर. पुढच्या मॅडमच्या कपाळावर आठ्या. “हे काय चाललंय? डबा काय? कोणती खूण आहे ही?”

पर्यवेक्षिका मॅडम गोंधळल्या. त्या बिचाऱ्यांनी आत्तापर्यंत आम्हाला काही विचारलंच नव्हतं. मी पेन खाली ठेवलं. पेपर काढून घेतला तर? एवढं वर्ष, एवढे पुठ्ठे, तिचा तो हट्ट, सगळं एका डब्यापायी जाणार! पथकातल्या मॅडमनी उत्तरपत्रिका हातात घेतली. ताई उभी राहिली नाही की घाबरली नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, “मॅडम, डबा म्हणजे कंस. तुम्ही कोणतंही गणित मले तोंडी सांगा. मी तिले आमच्या भाषेत सांगते, ती लिहिन. जुळलं नाही तं पेपर ठेवून घ्या.”

मॅडमनी मागच्या कोऱ्या पानावर माझ्यासमोर हात आडवा धरून काहीतरी लिहिलं आणि ताईच्या कानाशी जाऊन सांगितलं. चांगलं लांबलचक होतं, दोन कंस आणि एक वर्गमूळ. ताईनं सांगितलं. “छत,” ती म्हणाली. “कुठंपर्यंत?” मी विचारलं. माझा आवाज मलाच परका वाटला. “दुसरा डबा बंद होते तिथपर्यंत.” मी लिहिलं. मॅडमनी दोन्ही ओळी शेजारी धरून पाहिल्या. आठ्या गेल्या. “वेळ किती गेला यांचा? तेवढा वाढवून द्या,” असं पर्यवेक्षिकांना सांगून त्या निघाल्या. दारातून वळून म्हणाल्या, “डबा! वा गं पोरींनो.”

आणि पुढचाच प्रश्न वर्गसमीकरणाचा, सूत्र वापरून सोडवायचा. तीन मार्क. समीकरण होतं एक्सचा वर्ग वजा सात एक्स अधिक पाच बरोबर शून्य. ताईनं किमती लिहायला सांगितल्या. बी बरोबर वजा सात. मग सूत्रात किमती घालताना ती म्हणाली, “वरच्या फळीवर सात, अधिक-वजा, छत...”

सात? वरच्या ओळीत माझ्याच अक्षरात वजा सात लिहिलेलं होतं. वजा गेलं कुठे? पथकाच्या धसक्यानं ती विसरली, मला शंभर टक्के खात्री पटली. मी सात लिहिलं. छत कुठंपर्यंत ते विचारलं. खाली दोन लिहिलं. मग परत वाचायची वेळ आली. मी वाचलं. वजा सात वाचलं, त्याच्या खाली नुसतं सात वाचलं, स्टेशनवरच्या बाईसारखं. ताई म्हणाली, “बराबर. पुढं.”

परत येताना ऑटोत ती खुशीत होती. तिच्या आईनं रस्त्यावरून संत्री घेतली होती, ती सोलून आम्हाला देत होती. मी एक फोड खाल्ली आणि पुढे खाववेना. मला दिसत होतं, मला येत होतं आणि मी तिचे तीन मार्क माझ्या डोळ्यांसमोर जाऊ दिले, एवढंच डोक्यात. तिनं सांगितलं होतं म्हणूनच गप्प राहिले, हे खरं. पण चौदा वर्षांच्या मुलीला अशा खरेपणाचं ओझं फार होतं. हे मी कोणाला सांगितलं नाही.

उरलेले पेपर झाले. होळी आली, गेली. पळसाची फुलं वाळून रस्त्यावर पडली, कूलर दिवसभर चालायला लागले. एप्रिलमध्ये माझी स्वतःची नववीची परीक्षा झाली. त्या परीक्षेला मी दहावीचं सगळं येत असलेली आणि नववीचं फारसं काही न येणारी अशी एक विचित्र विद्यार्थिनी म्हणून बसले. निकाल लागल्यावर आईनं माझं प्रगतिपुस्तक वाचलं आणि ते कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिलं. पाहुण्यांच्या हाती लागू नये म्हणून.

दहावीचा निकाल लागला त्या दुपारी खापरखेड्याचे माझे मामा आमच्याकडे आले होते. ऊन एवढं की रस्ता पांढरा दिसत होता. ताई तिच्या आईचा हात धरून आली, दुसऱ्या हातात पेढ्यांचा डबा. दारातूनच म्हणाली, “जयू, एकोणऐंशी टक्के! अन् गणितात अठ्ठ्याहत्तर!” मी ओरडलेच. आईनं तिला जवळ घेतलं. बाबा मागावरून तसेच आले, केसांत सुताचे तंतू घेऊन.

मामांनी डब्यातला पहिला पेढा उचलला आणि माझ्या तोंडात घातला. “काय भाची आहे माही! दिसत नाही अशा पोरीले गणितात अठ्ठ्याहत्तर! जयूनं पास केलं म्हणा ना तिले.”

मी तोंडात पेढा तसाच धरून ताईकडे पाहिलं. ती हसत होती, ते हसू तिथल्या तिथे थांबलं. एवढ्या एका वाक्याच्या भीतीनं तिनं सातवीचं गणित नाकारलं होतं, बरोबर उत्तर खोडायला लावलं होतं, आणि ते वाक्य आमच्याच घरात, माझ्याच मामांच्या तोंडून आलं होतं. तेही कौतुकानं.

“मामा, मी काहीच सांगितलं नाही,” मी म्हणाले.

“हो हो, नियम असते. आमाले समजते,” असं म्हणून मामांनी डोळा मारला. ताईला तो दिसला नाही, पण त्यांच्या आवाजातला ऐकू आला असणार.

मला असा राग आला! मी आत गेले, साड्यांच्या खालून प्रगतिपुस्तक ओढलं आणि मामांच्या पुढ्यात धरलं. “वाचा. मोठ्यानं. गणित.” आईनं “जयू!” म्हणून डोळे वटारले. मामांनी चष्मा लावला. “गणित... एकेचाळीस. हे कोणाचं आहे?”

“माझं. अठ्ठ्याहत्तरवाली ती आहे.”

मामांनी तो आकडा पुन्हा पाहिला. पण माझं अजून संपलं नव्हतं. त्या पेपरापासून साठलेलं सगळं बाहेर आलं. “उलट माझ्यामुळे तिचे तीन मार्क गेले. बीजगणितात बी वजा सात होतं आणि तिनं खाली नुसतं सात सांगितलं. मला दिसत होतं. मी बोलले नाही.” आणि मी रडायला लागले.

ताईनं डबा खाली ठेवला. “कोणतं? सूत्रवालं?” तिनं क्षणभर आठवलं आणि मग ती जी हसायला लागली! “अवं, सूत्रातच वजा बी आहे. अन् बी आहे वजा सात. वजाचं वजा काय होते?”

उत्तर मामांच्या तोंडून आलं, अगदी बारीक आवाजात. “अधिक.”

“मग?” ताईनं हात चाचपडत माझा खांदा शोधला आणि गदगदा हलवला. “बरं झालं वं बाई, तू गप्प बसली! नाही तं एकेचाळीसवालीनं माहे तीन मार्क खाल्ले असते.”

आई आधी हसली, मग बाबा, मग मी रडता रडता. फक्त मामा हसले नाहीत. प्रगतिपुस्तक मिटून त्यांनी मला परत दिलं. खुर्ची थोडी पुढे सरकवून ते ताईसमोर बसले आणि बोलताना त्यांचा मघाचा आवाज राहिला नव्हता. “पोरी, माही मोठी आठवीत गेली. सुट्टीत इथं पाठवतो. तिले गणित शिकवशील काय?”

“पाठवा,” ताई म्हणाली. “पण आधी जयूले बसवते. तिची दहावी आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता कोरी वही घेऊन मी तिच्या दारात उभी होते.